कव्हर रद्दीत जाण्याआधी

मोबाइलमधली मराठी गाण्यांची यादी आज एकदा वरपासून खालपर्यंत चाळून पाहा. नव्या गाण्यांशेजारी झळझळीत चित्रे दिसतील. जुन्या गाण्यांशेजारी? एक करडा चौकोन आणि त्यात सुराचे एक चिन्ह. गाण्याचे नाव ‘ट्रॅक ०३’. गायक ‘अननोन आर्टिस्ट’. अल्बमच्या जागी ‘न्यू फोल्डर’.

गाणे सुरू झाले की मात्र पहिल्याच ओळीला आपण म्हणतो, अरे, या तर माणिकबाई वर्मा! आपल्याला ओळख पटवायला चित्र लागत नाही. पण तीच फाइल आपल्या मुलीने उघडली, नातवाने उघडली, तर त्यांना काय कळणार? गाणाऱ्या बाईचे नाव नाही, कवीचे नाही, संगीतकाराचे नाही. विचारायला आपण जवळ आहोत तोवर ठीक. पुढे?

त्या करड्या चौकोनात मूळ ध्वनिमुद्रिकेचे, कॅसेटचे किंवा सीडीचे मुखपृष्ठ असायला हवे होते. ते तिथे नाही. पण ते परत लावता येते, आणि ते लावण्याइतकी साधने आज जवळजवळ प्रत्येक घरात आहेत. हे काम दुसरे कुणी येऊन करून जाईल, असे मात्र नाही. कारण ती मूळ कव्हरे आपल्याच माळ्यांवर, आपल्याच कपाटांत, आपल्याच काका-मामांच्या ट्रंकांत पडली आहेत.

मंडळी, ती तिथे आहेत तोवर हालचाल करू या.

हे हरवले कसे, ते आधी पाहू. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या साध्या कागदी पाकिटात येत. पाकिटाला मधोमध गोल भोक, त्यातून तबकडीवरचे लेबल वाचायचे. चित्र असे नव्हतेच. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराला कामावर घेतले आणि १९४० मध्ये त्याने वेष्टनावर चित्र छापायची कल्पना अमलात आणली. १९४८ मध्ये एलपी आली आणि या कल्पनेला बारा इंचांचा ऐसपैस चौकोन मिळाला. पुढे त्या एलपी आपल्याकडेही आल्या. बारा बाय बारा इंच! दिवाणखान्यात कव्हर हातात घेऊन, गायकाचा चेहरा न्याहाळत, मागचा मजकूर वाचत गाणे ऐकायची एक रीतच पडली.

मग कॅसेट आली. फिलिप्सने ती १९६३ मध्ये बाजारात आणली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ती घरोघरी, टपरीटपरीवर, एसटी स्टँडावर पोहोचली. चित्र तळहाताएवढे झाले, तरी होते. डबीतल्या घडीच्या कागदावर गाण्यांची यादी होती, नावे होती.

मग सीडी आली आणि सीडीवरून एमपीथ्री. इथे खरा घाव बसला. आपण हौसेने सगळी गाणी संगणकात उतरवली. आवाज पुढे नेला, कव्हर मागे ठेवले. त्या काळात विंडोज मीडिया प्लेयर एखाद्या अल्बमचे चित्र मिळालेच तर फोल्डरमध्ये २०० पिक्सेल रुंदीची एक प्रत ठेवायचा आणि ७५ पिक्सेलची दुसरी. बारा इंचांवरून पंचाहत्तर ठिपक्यांवर! त्या चित्रात चेहरासुद्धा ओळखू येत नाही, मग अक्षरे कुठून वाचणार?

आणि पुढे पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड. दुकानातून हजार गाणी एकदम भरून आणली. त्यात कित्येक गाण्यांना चित्र आहे, पण ते भलत्याच कुणाचे: फुकट गाणी वाटणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाचे बोधचिन्ह. भीमसेनजींचा अभंग चालू आहे आणि पडद्यावर कुठल्या तरी दुकानाची पाटी. असे आपण किती दिवस चालू द्यायचे?

कुणी म्हणेल, गाणे ऐकू येते ना, मग चित्राचे एवढे काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर त्या कव्हराच्या मागच्या बाजूला आहे.

एखादी जुनी एलपी उलटी करून वाचा. गाण्यांची क्रमवार यादी असते. कवी, संगीतकार, राग, ताल. तबल्याला कोण, संवादिनीला कोण. एखाद्या जाणकाराने दोन-चार परिच्छेदांत करून दिलेली ओळख. वर्तुळातले ‘पी’ हे अक्षर आणि त्यापुढे ध्वनिमुद्रण प्रथम प्रसिद्ध झाल्याचे साल. कोपऱ्यात क्रमांक. एचएमव्हीच्या अनेक एलपींवर तो ‘ईसीएलपी’ने सुरू झाला तर मोनो, ‘ईसीएसडी’ने सुरू झाला तर स्टिरिओ. या एका कागदावर एका गाण्याचा सगळा गोतावळा हजर असतो. कागद गेला की गोतावळा गेला, उरतो एकटा आवाज.

उदाहरण घेऊ. ‘शिवकल्याण राजा’ १९७४ मध्ये आले, शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी. लताबाईंचा आवाज, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन. आणि शब्द? समर्थ रामदासांचे, कविराज भूषणाचे, सावरकरांचे, कुसुमाग्रजांचे. सतराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतचे कवी एका ध्वनिमुद्रिकेत शेजारी शेजारी बसले आहेत. टॅग पुसलेल्या फाइलीत यांतले काय दिसते? फार तर गायिकेचे नाव. शाळेतल्या मुलाला ते गाणे आवडले, पण ते कुसुमाग्रजांचे आहे हे त्याला कळलेच नाही, तर तो ग्रंथालयात जाऊन त्यांचा ‘विशाखा’ हा कवितासंग्रह कसा मागणार?

दुसरे उदाहरण गीतरामायणाचे. १ एप्रिल १९५५ रोजी आकाशवाणी पुणे केंद्रावरून त्याची सुरुवात झाली. गदिमांचे शब्द, बाबूजींचे, म्हणजे सुधीर फडके यांचे संगीत, वर्षभरात ५६ गीते. आकाशवाणीवर ती अनेक गळ्यांतून उमटली: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, लता मंगेशकर आणि इतर. पुढे जाहीर कार्यक्रमांत आणि एलपींवर ती स्वतः सुधीर फडके यांनी गायली. म्हणजे बऱ्याच गीतांची निदान दोन ध्वनिमुद्रणे, दोन वेगळे प्रसंग, दोन वेगळे गळे. फाइलींची नावे मात्र तीच. कोणते कुठले, हे सांगायला मूळ कव्हराशिवाय आणि त्यावरच्या मजकुराशिवाय दुसरा भरवशाचा साक्षीदार नाही.

चुकीचे चित्र तर कोऱ्या चौकोनाहून घातक. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ चे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे लेखन, जितेंद्र अभिषेकींचे संगीत, वसंतरावांचे गाणे. त्याच नावाचा चित्रपट आला २०१५ मध्ये. आपोआप कव्हर शोधणारे सॉफ्टवेअर फक्त नाव जुळवते. नाटकातल्या जुन्या पदाला ते चित्रपटाचे पोस्टर चिकटवू शकते, आणि मग नव्या श्रोत्याच्या लेखी वसंतरावांचे पद २०१५ चे होऊन बसते. जुनी गाणी नव्या संकलनांत घातली जातात तेव्हाही हेच होते. साठच्या दशकातला अभंग ‘सर्वोत्तम भक्तिगीते’ अशा कुठल्याशा संग्रहाचे कव्हर आणि सालही त्या संग्रहाचेच घेऊन फिरतो.

नावाचे महत्त्व आपल्या पूर्वसुरींना चांगले कळले होते. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गेसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करायला आला. मेणावर मुद्रित केलेले आवाज जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायचे आणि तिथे तबकड्या छापल्या जायच्या. तिथल्या कामगारांना आपले कलावंत कसे ओळखू येणार? म्हणून गौहर जान आणि त्या काळातले कितीतरी कलावंत गाणे संपता संपता आपले नाव खणखणीत उच्चारून मोकळे होत. ते नाव आजही त्या तबकड्यांवर ऐकू येते. तीन मिनिटांतले काही क्षण त्यांनी नावासाठी राखले. आपल्या फोनमध्ये हजारो गाण्यांना जागा आहे, मग त्यांची नावे राखायला आपण का कचरावे?

आणखी एक गोष्ट आपल्या माणसाची आहे. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर अवकाशात गेली. व्हॉयेजर १ ने ५ सप्टेंबरला उड्डाण केले. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्या तबकडीला कव्हर आहे! अ‍ॅल्युमिनियमचे, सोन्याचा मुलामा दिलेले. तबकडी कशी वाजवायची, ती कुठून आली, हे त्यावर आकृत्यांनी कोरले आहे. ऐकणारा कोण, कुठला, कधी भेटेल, याचा पत्ता नसताना माणसांनी त्या आवाजासोबत त्याची ओळख पाठवली. आपला ऐकणारा तर आपल्याच घरातला आहे. त्याच्यासाठी एवढे करायला आपण मागे का राहावे?

लग्नात आलेल्या तांब्या-पेल्यावरसुद्धा आपण नाव आणि तारीख कोरून घेणारी माणसे. ती सवय आता गाण्यांना लावू या.

सगळ्यांत निकड आहे ती कॅसेटच्या कव्हरांची. एलपीला आता पुन्हा भाव आला आहे. संग्राहक तिला जपतात. कॅसेट मात्र पोत्याने भंगारात जाते. आणि कॅसेटच्या काळातच आपल्याकडच्या गाण्याचा पसारा सर्वांत मोठा होता. छोट्या छोट्या कंपन्या, स्थानिक कलावंत. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसच्या शास्त्रीय संगीताच्या आणि पुलंच्या कॅसेट. बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ. पंढरपूरच्या वाटेवरच्या दुकानांतली भजने. जेजुरीची, तुळजापूरची गाणी. तमाशाचे वग. गोव्यात तियात्रांच्या कांतारांच्या कॅसेट.

आणि भीमगीते. वामनदादा कर्डकांचे शब्द, प्रल्हाद शिंदे यांच्यापासून गावोगावच्या गायन पार्ट्यांपर्यंतचे आवाज. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी या कॅसेट मांडलेल्या असत. लोक त्या घेऊन गावी जात. यांतल्या कितीतरी गायकांबद्दल कुठल्या ग्रंथात ओळ सापडायची नाही. त्यांचे नाव, त्यांचा फोटो, त्यांच्या कवीचे नाव जिथे छापले गेले, अशी अनेकदा एकच जागा: तो डबीतला घडीचा कागद.

त्या कागदाचे आयुष्य किती? स्वस्त कागद, स्वस्त शाई. घडीवर रंग उडतो. उन्हात ठेवले तर लाल आधी फिकटतो. कोकणात बुरशी लागते, देशावर कसर आणि वाळवी. वर दर दिवाळीला साफसफाई आहेच. घर बदलताना, वाडा पाडताना, आजोबा गेल्यावर खोली आवरताना पोतेच्या पोते रद्दीवाल्याकडे जाते. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो. त्या कागदाचे मोल कुणी सांगितलेलेच नसते, एवढेच.

तर ते आता आपण सांगू या. आणि नुसते सांगून न थांबता करूही या. कसे, ते बघू.

पहिले काम शोधण्याचे. आपल्या घरातला माळा, ट्रंक, बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरचे खोके. मग आत्याचे घर, गावचे घर, शेजारचे काका. ज्यांना गाण्याचा नाद होता त्यांची नावे प्रत्येक कुटुंबात सगळ्यांना माहीत असतात. एक फोन करा: ‘मामा, तुमच्याकडच्या कॅसेट आहेत ना अजून? टाकू नका, मी येतोय.’ या एका वाक्याने कितीतरी वाचेल.

दुसरे काम चित्र घेण्याचे. कॅसेटचा कागद डबीतून अलगद काढा, घडी उलगडा, घरातल्या साध्या स्कॅनरवर ठेवा आणि ६०० डीपीआयवर स्कॅन करा. दोन्ही बाजू. सीडीची पुस्तिका तशीच, पानोपान. एलपीची अडचण अशी की तिचे कव्हर साधारण ३१ सेंटिमीटरचे, आणि ए-फोर स्कॅनर २१ सेंटिमीटर रुंद. ए-थ्री स्कॅनरही सहसा थोडा अरुंदच पडतो. मग सरळ फोटो काढा. सकाळी खिडकीशी किंवा अंगणात सावलीत, जिथे थेट ऊन नाही. फ्लॅश बंद. वरचे प्लॅस्टिक काढलेले. कव्हर सपाट टेबलावर आणि फोन त्याच्या बरोबर वर, समांतर. चारही कोपरे चौकटीत यायला हवेत. पुढची बाजू, मागची बाजू आणि तबकडीवरचे लेबल. ७८ च्या तबकडीला कव्हर नसते; तिथे लेबल हाच चेहरा. एचएमव्ही, ओडियन, कोलंबिया, यंग इंडिया... ती लेबले किती देखणी आहेत!

कव्हर फाटले आहे, त्यावर कुणी निळ्या शाईने नाव घातले आहे, डाग आहेत? असू द्या. मूळ फोटो तसाच जपा. उजळवायचा, कापायचा असेल तर त्याची दुसरी प्रत करून तिच्यावर करा. आणि चित्र सापडले नाही म्हणून संगणकाकडून नवे रंगवून घेऊ नका. आपल्याला सजावट करायची नाही, पुरावा जपायचा आहे. खरे कव्हर मिळेपर्यंत जागा मोकळी राहिली तरी चालेल.

तिसरे काम ते चित्र गाण्याला जोडण्याचे. एमपीथ्री फाइलीच्या पोटात नावगाव लिहायला जागा असते. तिला टॅग म्हणतात. त्यातच चित्र बसते, त्यामुळे फाइल कुठेही गेली तरी चित्र तिच्यासोबत जाते. फ्लॅक आणि एमफोरए फाइलींतही ही सोय आहे. संगणकावर एमपीथ्री-टॅग, किड-थ्री किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड यांपैकी कुठलेही सॉफ्टवेअर घ्या. किड-थ्री आणि पिकार्ड फुकट आहेत. विंडोजवर एमपीथ्री-टॅगही फुकट मिळते. एका अल्बमची सगळी गाणी एकदम निवडायची, चित्राच्या चौकटीत आपला फोटो ओढून टाकायचा, जतन करायचे. दहा गाण्यांचे काम दोन मिनिटांत होते. आत टाकायला हजार ते दीड हजार पिक्सेलचे चौकोनी जेपेग पुरेसे. मोठी मूळ प्रत त्याच फोल्डरमध्ये वेगळी ठेवावी.

चित्र टाकत आहोत तोवर नावेही भरून टाकू या. गायक, संगीतकार, गीतकार, साल, क्रमांक. साथीदारांची नावे टिप्पणीच्या रकान्यात. आणि शक्य तिथे देवनागरीत. जुन्या फाइलींत देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हांची माळ दिसत असेल तर तो अक्षरे साठवण्याच्या जुन्या पद्धतीचा दोष. या सॉफ्टवेअरमधून नव्याने लिहिले की अक्षरे नीट दिसतात. कव्हरावर जसे छापले आहे तसेच लिहा. अंदाजाने कवी ठरवू नका. शंका आली तर घरातल्या मोठ्यांना विचारा, आणि तरी उलगडा झाला नाही तर रकाना तसाच सोडा. खात्री नसलेले नाव हजार फोनांत पोहोचले की त्याला पुन्हा बाहेर काढणे महाकठीण.

चौथे काम सांभाळण्याचे. एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी घराबाहेर: भावाकडे, बहिणीकडे किंवा क्लाउडवर. फोन हरवतो, डिस्क बिघडते. तिन्ही एकदम जात नाहीत. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ कागद फेकायचा नाही बरे! तो कोरड्या जागी, सरळ उभा, पाकिटात ठेवायचा.

पाचवे काम वाटण्याचे, आणि यात आपल्या सगळ्यांची जबाबदारी एकत्र येते. म्युझिकब्रेन्झ हा जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेला संगीताचा माहितीसाठा आहे. त्याने इंटरनेट आर्काइव्हसोबत २०१२ मध्ये कव्हर आर्ट आर्काइव्ह सुरू केले. तिथे कुणीही खाते उघडून अल्बमची माहिती भरू शकतो. भाषा मराठी, लिपी देवनागरी, अशी नोंद करता येते. पुढची, मागची बाजू, लेबल, पुस्तिका, सगळ्यांना स्वतंत्र जागा आहे. आपोआप कव्हर शोधणारी बरीच सॉफ्टवेअर तिथूनच चित्रे उचलतात. म्हणजे कोल्हापुरातल्या एका मुलीने एका कॅसेटचे कव्हर नीट भरले, की ठाण्यात, नागपुरात, टोरांटोत तोच अल्बम असणाऱ्या प्रत्येकाला ते मिळू शकते. यंत्राला मराठीचे वावडे नाही. कुणी तरी आधी भरलेले असेल तेच ते शोधून आणते. भरणारे आपण व्हायला हवे.

इथे एक पथ्य पाळू या. गाण्यांचे हक्क आणि मुखपृष्ठावरच्या चित्राचे हक्क ज्यांचे त्यांचे आहेत. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे. तेव्हा आपल्या विकत घेतलेल्या संग्रहाला आपण जरूर नीटनेटके करू, माहिती मोकळेपणाने वाटू, पण गाण्यांच्या फाइली जगभर उधळणार नाही, आणि कव्हरे छापून विकणार तर मुळीच नाही. जे कलावंत आणि जे चित्रकार जपायला निघालो, त्यांचाच मान पहिला.

हे सगळे फार मोठे वाटते का? मग एका साध्या गोष्टीकडे पाहा. १९९० मध्ये मुंबईत काही रेकॉर्डवेड्या मंडळींनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था उभी केली. भौतिकशास्त्रातले संशोधक डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तिचे सचिवपद सांभाळले. ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी जुन्या तबकड्यांच्या याद्या, कलावंतांची चरित्रे, लेबलांची माहिती जमवून छापली. पोटापाण्याचे व्यवसाय सांभाळून केलेले हे काम. कुणी आज्ञा केली नव्हती. हौस होती आणि चिकाटी होती. आपल्या हातात तर त्यांच्या काळी नव्हती ती साधने आहेत.

म्हणून आता प्रत्येकाने आपापला वाटा उचलू या.

तरुण मित्रांनो, फोन आणि संगणक चालवणे तुमच्या हातचा मळ आहे. घरातल्या दहा कॅसेट घ्या. ज्येष्ठांनो, तुमच्या आठवणींशिवाय हे काम अपुरे राहील. कव्हरावर नसलेली नावे तुमच्याकडे आहेत, नातवंडांना शेजारी बसवून ती सांगा. शिक्षकांनो, प्रकल्पाच्या वहीत तीच ती चित्रे चिकटवण्यापेक्षा मुलांना एका गाण्याचे कूळ शोधायला लावा. सार्वजनिक वाचनालयांनो, वर्षातून एक दिवस ‘कव्हर आणा, स्कॅन करून न्या’ असा ठेवा; एक टेबल, एक स्कॅनर आणि दोन स्वयंसेवक, एवढेच लागते. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनो, तुमच्या तळघरांत सत्तर-ऐंशीच्या दशकात सोबत नेलेल्या एलपी आणि कॅसेट आहेत. कोरड्या हवेत त्या कदाचित इथल्यापेक्षा चांगल्या राहिल्या असतील. गायकांच्या, कवींच्या, वादकांच्या कुटुंबीयांनो, तुमच्या घरची कव्हरे तर पहिली जपायला हवीत. आणि ध्वनिमुद्रिका कंपन्यांना आपुलकीची विनंती: जुनी गाणी पुन्हा प्रसिद्ध करता तेव्हा मूळ कव्हराची मागची बाजूही द्या. श्रोते ती आवडीने वाचतील.

सगळे एका दिवसात व्हायचे नाही, आणि होण्याची गरजही नाही. आठवड्याला एक अल्बम धरला तर वर्षात ५२ होतात. अशी शंभर घरे उभी राहिली तर पाच हजारांहून जास्त ध्वनिमुद्रिकांना, कॅसेटना त्यांचा मूळ चेहरा आणि त्यांच्या माणसांची नावे परत मिळतील. कुठले अनुदान नको, कुठली परवानगी नको, समिती नको.

येत्या रविवारी सुरुवात करू. घरात सर्वांत जुने जे कव्हर सापडेल ते घ्या: एलपीचे असो, कॅसेटचे असो, कोपरा उंदराने कुरतडलेले असो. फोटो काढा, नावे भरा, गाण्याला जोडा. मग कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ते टाका आणि खाली एकच प्रश्न विचारा: ‘तुमच्याकडे कुठले आहे?’ उत्तरे येतील, खात्री बाळगा. कुणाकडे ना कुणाकडे पुढचे कव्हर असतेच. ते कॅसेट-रेकॉर्डचे पोते दारातून बाहेर पडायच्या आत आपण तिथे पोहोचलेले असू, एवढे मात्र आजच ठरवू या.